एम्युलेटरची निवड : पाठचिकित्सेच्या दृष्टीने

१

सहस्रावधी माणसे एकाच वेळी एका कल्पित जगात वावरतात आणि प्रत्येक जण आपापले पात्र वठवितो, अशा ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांची रचना दुहेरी असते. एक प्रणाली खेळणाऱ्याच्या संगणकावर असते. तिला क्लायंट म्हणतात. चित्रे, नकाशे, ध्वनी, वस्तूंची नावे ही तिच्यापाशी असतात. दुसरी प्रणाली खेळाच्या मालकाच्या यंत्रावर चालते. ती सर्व्हर होय. शत्रू केव्हा चाल करून येईल, घाव किती खोल बसेल, मेलेल्या राक्षसाजवळ काय सापडेल, हे सारे सर्व्हर ठरवितो आणि निकाल तेवढा क्लायंटकडे पाठवितो. निकालामागचे नियम बाहेर पडत नाहीत. मालकाने सर्व्हर बंद केला की ते जग नाहीसे होते. खेळणाऱ्याच्या हाती निर्जीव देखावा उरतो.

हा सर्व्हर बाहेरच्या माणसांनी पुन्हा रचावयाचा, या उद्योगातून जे सॉफ्टवेअर निर्माण झाले त्यास एम्युलेटर म्हणतात, आणि त्याच्या आधारे चालविलेल्या सर्व्हरास खासगी सर्व्हर. एकेका खेळासाठी आज अनेक एम्युलेटर उपलब्ध आहेत. 'रॅग्नारॉक ऑनलाइन'साठी 'आर-अथेना' व 'हर्क्युलीस'. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'साठी 'मँगोस'च्या शाखा, 'ट्रिनिटीकोर' व 'अझरॉथकोर'. 'अल्टिमा ऑनलाइन'साठी 'रनयूओ', 'सर्व्हयूओ' व 'मॉडर्नयूओ'. यांतून निवड कशी करावी? पाथरी येथे भाषेच्या काही विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील बोलीचे संवाद अशा एखाद्या खेळातील पात्रांच्या तोंडी घालून पाहण्याचे मनावर घेतले, तेव्हा हा प्रश्न निव्वळ तांत्रिक वाटला होता. विचारान्ती तो मुळात पाठचिकित्सेचा प्रश्न आहे असे दिसून आले. त्या दृष्टीने त्याची मांडणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

एम्युलेटर रचणाऱ्यापुढे तीन प्रकारची साधने असतात. पहिले साधन क्लायंट. त्याच्या पोटातील सारण्या उघडून वाचता येतात आणि त्या मूळ ग्रंथकाराच्याच हातच्या असतात. दुसरे साधन म्हणजे मूळ सर्व्हर चालू असताना त्याच्याकडून आलेल्या संदेशांच्या टिपून ठेवलेल्या नोंदी. या व्यवसायात त्यांना 'स्निफ' म्हणतात. तिसरे साधन खेळलेल्या माणसांची स्मृती, त्यांनी केलेली टिपणे आणि चित्रफिती. या तिन्हींची विश्वसनीयता उतरत्या क्रमाची आहे, आणि तिन्ही मिळूनही मूळ नियम हाती येत नाहीत. एखादी वस्तू दर शंभर वेळी किती वेळा सापडते हे मोजता येते. सर्व्हरात कोणता अंक लिहिलेला होता हे अनुमानानेच ठरवावे लागते.

अंतरंग झाकलेले, निकाल दृश्य, आणि निकालावरून नियम रचावयाचे, ही रीत पाथरीला अपरिचित नाही. पाथरी म्हणजे जुने पार्थपूर. येथील ज्ञानराजाने शके १४२५ मध्ये, म्हणजे इ. स. १५०३ च्या सुमारास, 'सिद्धान्तसुंदर' हा ज्योतिषग्रंथ रचिला. त्याचा पुत्र सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या 'लीलावती' व 'बीजगणित' या ग्रंथांवर टीका लिहिल्या. ज्योतिषाचा सिद्धान्त हा आकाशाच्या अंतरंगाचे दर्शन घडवीत नाही. तो अशी गणिते देतो की त्यांचे उत्तर आणि डोळ्यांस दिसणारा ग्रह एका ठिकाणी यावा. कालान्तराने गणित व आकाश यांत अंतर पडू लागले की ज्योतिषी मूळ गतींना 'बीजसंस्कार' देत. लल्लाचे बीज शके ४२० पासूनची वर्षे मोजून करावयाच्या वेगळ्या संस्काराच्या रूपाने सांगितले जाते; आर्यभटाचे मूळ अंक त्यामुळे पुसले जात नाहीत. गणेश दैवज्ञाने शके १४४२ च्या 'ग्रहलाघवा'त कोणता ग्रह कोणत्या पक्षावरून घेतला आहे हे स्पष्ट नोंदविले. दुरुस्ती करावी, परंतु ती दुरुस्ती आहे हे कळेल अशा रीतीने करावी, हा या परंपरेचा दंडक आपल्या विवेचनात पुढे उपयोगी पडणार आहे.

३

ज्योतिषात मूळ वस्तू निदान डोळ्यांपुढे कायम असते. सर्व्हर बंद पडल्यावर ती सोयही उरत नाही, आणि मग प्रश्न लुप्त ग्रंथाच्या पुनर्रचनेचा होतो. मराठीत याचे सर्वांत बोलके उदाहरण 'लीळाचरित्र' होय. म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकिल्या त्यांच्याकडून मिळवून, नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन लिहिल्या. ती मूळ प्रत धाडीच्या धामधुमीत नष्ट झाली आणि अनुयायांनी स्मरणाच्या बळावर ग्रंथ पुन्हा सिद्ध केला, असे महानुभाव परंपरा सांगते. परिणाम असा झाला की एक लीळाचरित्र गेले आणि अनेक पाठांचे लीळाचरित्र आले. डॉ. शं. गो. तुळपुळे आणि डॉ. वि. भि. कोलते यांच्या संपादनांत जी भिन्नता दिसते तिचे एक मूळ येथे आहे.

या पुनर्रचनेचे वैशिष्ट्य असे की अमुक गोष्ट कोणाच्या आठवणीतून आली, दुसऱ्या कोणाला ती कशी आठवते, याच्या नोंदी पोथ्यांतून राखलेल्या आढळतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पुऱ्या केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हीच गोष्ट शास्त्राच्या पातळीवर दिसते. ज्या पाठाविषयी संपादकास पुरती खात्री नाही त्या पाठाखाली तेथे नागमोडी रेघ दिलेली असते. ही रेघ म्हणजे संपादकाच्या दुबळेपणाची कबुली नव्हे. वाचकाला दिलेला तो हक्क होय. आपणास निवडावयाच्या एम्युलेटरमध्ये अशी रेघ आहे किंवा नाही, हा या लेखातील मुख्य प्रश्न आहे.

४

व्यवहारात मात्र दोन वेगळ्याच कसोट्या लावल्या जातात. पहिली लोकप्रियतेची. ज्या एम्युलेटरवर अधिक सर्व्हर चालतात, ज्यात अधिक सोयी आहेत, तो उत्तम, असे समजण्यात येते. या कसोटीचे मूल्य एवढेच की अडचण आली असता विचारावयास माणसे भेटतात. एरव्ही ती पोथीच्या प्रती किती विकल्या गेल्या यावरून पाठाची शुद्धता ठरविण्यासारखी आहे. 'रिपॅक' या नावाने फिरणाऱ्या तयार गाठोड्यांविषयी हे विशेषेकरून खरे. त्यांत सर्व्हर, सारण्या आणि कोणीतरी आपल्या मर्जीने केलेले फेरफार एकत्र बांधलेले असतात. बांधणाऱ्याचे नाव नाही, काळ नाही, काय बदलले याची नोंद नाही. पुष्पिका फाडून टाकलेली पोथी अभ्यासकाच्या जेवढ्या कामाची, तेवढेच हे गाठोडे.

दुसरी कसोटी मूळनिष्ठेची. एम्युलेटर मूळ खेळाशी तंतोतंत जुळला पाहिजे असे म्हटले जाते. ही कसोटी वरकरणी निर्दोष दिसते. परंतु मूळ कोणते, हा प्रश्न ती टाळते. 'स्टार वॉर्स गॅलेक्सीज' हा खेळ २००३ साली सुरू झाला. त्याची युद्धपद्धती एप्रिल २००५ मध्ये बदलली, त्याच वर्षाच्या अखेरीस सगळा खेळच नव्या घाटाने घडविला गेला, आणि डिसेंबर २०११ मध्ये तो बंद पडला. यांपैकी मूळ कोणास म्हणावे? त्याच्या एम्युलेटरने एप्रिल २००५ पूर्वीची अवस्था हे आपले लक्ष्य म्हणून जाहीर केले आहे. 'मँगोस'च्या एका शाखेत तर पहिल्या कालखंडातील कोणता टप्पा चालवावयाचा हे चालविणाऱ्यास निवडता येते. 'मूळनिष्ठ' या मोघम विशेषणापेक्षा अशी कालनिश्चिती केव्हाही अधिक प्रामाणिक. आणखी एक मर्यादाही मान्य केली पाहिजे. त्या जगात त्या वेळी जमलेला लोकसमूह, त्यांची भांडणे, त्यांचा बाजार आणि त्यांची परिभाषा यांचे अनुकरण कोणत्याही एम्युलेटरला करता येणार नाही. पाठ परत मिळतो. श्रोते मिळत नाहीत.

५

आता प्रत्यक्ष एम्युलेटरांकडे वळू.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ २००४ चा. 'मँगोस' २००५ साली पुढे आला, २००८ मध्ये त्यातून 'ट्रिनिटीकोर' फुटला, आणि त्याच कुळातून पुढे 'अझरॉथकोर' निघाला. पोथ्यांची वंशावळ काढावी तशी ही वंशावळ काढता येते. मात्र एका शाखेतील दुरुस्त्या दुसऱ्या शाखेत वरचेवर उचलल्या जात असल्यामुळे येथे पाठसंकर फार आहे. म्हणून दोन शाखांत एकच अंक आढळला तर त्यास दोन स्वतंत्र साक्षी समजू नये. असे असले तरी 'ट्रिनिटीकोर'ची एक गोष्ट मुक्तकंठाने वाखाणण्याजोगी आहे. त्याच्या अनेक सारण्यांत प्रत्येक नोंदीपुढे 'व्हेरिफाइड बिल्ड' नावाचा स्तंभ असतो. ती नोंद क्लायंटच्या कोणत्या आवृत्तीवरून पडताळली त्या आवृत्तीचा क्रमांक त्यात लिहितात, ३.३.५ या फार वापरल्या जाणाऱ्या अवस्थेसाठी तो १२३४० असतो. पडताळणी झालेली नसेल तर तेथे शून्य. हे शून्य म्हणजेच नागमोडी रेघ. जी माणसे पाठचिकित्सेच्या शाळेत कधी गेली नाहीत त्यांनी केवळ कामाच्या गरजेपोटी तिचे मुख्य तत्त्व शोधून काढले, ही आपल्या शास्त्राच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट होय.

'रॅग्नारॉक'च्या कुळात पात्रांचे संभाषण साध्या मजकुराच्या फायलींत असते. प्रत्येक फायलीच्या माथ्यावर ती कोणी लिहिली, कितवी आवृत्ती, पुढे कोणी काय दुरुस्त केले, याची टाचणे आढळतात. त्यांचे स्वरूप अगदी पुष्पिकेचे आहे. काही फायलींवर 'ऑफिशियल कन्व्हर्जन' असा शेरा असतो. अशी फाईल निरीक्षणावरून न रचता अधिकृत मजकुरावरून उतरविलेली आहे असा त्याचा अर्थ. पाठाच्या दृष्टीने अशी फाईल अधिक मोलाची, हक्काच्या दृष्टीने अधिक शंकास्पद; निवड करणाऱ्याने दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्यात. या खेळाचे नियम पुढे आमूलाग्र बदलले. 'आर-अथेना'मध्ये बदलापूर्वीच्या आणि बदलानंतरच्या सारण्या दोन स्वतंत्र कप्प्यांत ठेविल्या आहेत, त्यामुळे काळाची सरमिसळ टळते.

'अल्टिमा ऑनलाइन' हा १९९७ चा, म्हणजे या तिघांत वडील. 'रनयूओ' आणि त्याचे वंशज यांत नियम थेट प्रणालीच्या मजकुरात लिहिलेले आहेत. २००३ च्या विस्तारापूर्वी अमुक अंक, नंतर तमुक, अशी शाखा जागोजागी केलेली दिसते. काळाचे थर अशा रीतीने उघड राहतात. परंतु तो अंक कोठून आला याचा आधार बहुधा दिलेला नसतो. थर आहेत, रेघ नाही.

एवढ्यावर थांबावयाचे असते तर निर्णय सोपा होता : पुनर्रचनेच्या अभ्यासासाठी 'ट्रिनिटीकोर' घ्यावा. परंतु मराठीचा प्रश्न आला की पारडे फिरते.

६

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या ३.३.५ या अवस्थेत इंग्रजीखेरीज कोरियन, फ्रेंच, जर्मन, रशियन, दोन प्रकारची चिनी आणि दोन प्रकारची स्पॅनिश यांस स्थान आहे. भारतीय भाषा एकही नाही. कामगिऱ्यांचा मजकूर सर्व्हरातून येतो, युनिकोडात असतो, म्हणून देवनागरी तेथे साठविता येते. परंतु साठविणे निराळे आणि दाखविणे निराळे. देवनागरीत 'कि' लिहिताना वेलांटी व्यंजनानंतर साठवितात आणि व्यंजनाआधी काढतात. जोडाक्षरे घटकांपासून जुळवावी लागतात. ही जुळणी क्लायंट करीत नाही, आणि क्लायंट बंद पेटी आहे. अरबीत अक्षरांच्या जुळलेल्या आकृत्यांना युनिकोडात स्वतंत्र संकेत आहेत, त्यांच्या आधाराने तेथे पळवाट काढता येते. देवनागरीस ती सोय नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दर्‍या' म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा, हा मराठीतील अर्थभेद सर्वस्वी 'र'च्या आकृतीवर अवलंबून आहे. अशा क्लायंटमध्ये तो नाहीसा होईल.

'रॅग्नारॉक'चा क्लायंट युनिकोडाच्याही आधीच्या संकेतपद्धतीवर चालतो, आणि त्या पद्धतीत देवनागरीस जागाच नाही. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेला जुना छपाईचा टंक वापरून काम भागवावे लागेल. ज्यांनी तशा टंकातील मजकूर युनिकोडात आणण्याची यातायात केली आहे त्यांस याचा परिणाम सांगावयास नको : अशा मजकुरात शब्द शोधता येत नाही, आणि शोधता न येणारी शब्दसामग्री भाषाशास्त्राच्या कामाची नाही.

व्याकरणाची अडचण याहून खोल आहे. इंग्रजीत एकच साचा करून त्यात वस्तूचे नाव घातले की वाक्य पुरे होते. मराठीत 'तलवार मिळाली' पण 'मुकुट मिळाला', आणि 'कवच मिळाले'. क्रियापद नामाच्या लिंगानुसार फिरते, आणि साच्याला नामाचे लिंग ठाऊक नसते. विभक्ती लावावयाची झाली तर सामान्यरूप आड येते. 'तलवार' या नामास नुसता 'ने' जोडून चालत नाही, 'तलवारीने' असे म्हणावे लागते. संबोधनाचेही तसेच. पाथरीकडील बोलीत पुरुषास 'काय करायलास?' आणि स्त्रीस 'काय करायलीस?' असे विचारतात. 'वॉरक्राफ्ट'च्या मजकुरात खेळणाऱ्याच्या पात्राचे लिंग पाहून दोहोंतील एक शब्द निवडण्याची खूण आहे, तिचा येथे उपयोग होईल. पण ती खूण खेळणाऱ्यापुरती आहे, वस्तूंच्या नावांसाठी नाही.

या अडचणींतून वाट निघते ती 'अल्टिमा'च्या कुळात. तेथे वाक्य प्रणालीच्या मजकुरात तयार होते, म्हणून प्रत्येक नामाशी त्याचे लिंग व सामान्यरूप जोडून ठेवता येते आणि क्रियापद त्यानुसार निवडता येते. शिवाय या खेळासाठी 'क्लासिकयूओ' नावाचा मुक्त क्लायंट आहे. तो उघडा असल्यामुळे अक्षरजुळणीची सोय त्यात नव्याने घालता येईल. काम कष्टाचे आहे, परंतु करता येण्याजोगे आहे. अन्यत्र दारच बंद आहे. सर्व्हर निवडताना क्लायंट विचारात घेतला नाही तर मराठीपुरती निवड व्यर्थ ठरते, हा यातील धडा.

७

हक्काचा प्रश्न टाळून चालणार नाही. एम्युलेटरची प्रणाली स्वतंत्रपणे लिहिलेली असली तरी खेळाची चित्रे, नावे व मजकूर मालकाचीच असतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने असा अपवाद घातला गेला की संगणक-प्रणाली वैध रीत्या बाळगणाऱ्याने, दुसरी स्वतंत्र प्रणाली तिच्याशी जुळवून चालविण्यास आवश्यक ती माहिती अन्यथा सहज मिळत नसल्यास, ती मिळविण्याकरिता केलेली कृती भंग ठरत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ मात्र तांत्रिक कुलपे मोडण्यास प्रतिबंध करते. अमेरिकेत २००५ साली 'बीनेटडी' या अशाच पर्यायी सर्व्हराच्या कर्त्यांविरुद्ध निकाल गेला. २०१६ मध्ये 'नोस्टॅल्रियस' हा मोठा खासगी सर्व्हर मालकाच्या नोटिशीनंतर बंद झाला. पण लोकांना जुनी अवस्था हवी आहे हे त्यातून सिद्ध झाले, आणि २०१९ मध्ये मालकाने स्वतःच ती पुन्हा चालू केली. 'सिटी ऑफ हिरोज' २०१२ मध्ये बंद पडला आणि त्याच्या एका खासगी सर्व्हरास २०२४ मध्ये मालकाकडून रीतसर परवाना मिळाला. तात्पर्य, या क्षेत्रात कायदा आणि व्यवहार यांचा मेळ अजून बसावयाचा आहे.

अध्यापन-विभागाने अशा स्थितीत सावध मार्ग धरावा. अभ्यासापुरता सर्व्हर विभागाच्या अंतर्गत जाळ्यात ठेवावा, बाहेर खुला करू नये, त्यावर पैसा घेऊ नये. गावातील मुलांसाठी मराठी जग खुले करावयाचे असेल तर दुसऱ्याच्या चित्रांवर ते उभे करू नये. 'द माना वर्ल्ड' या खेळाचे उदाहरण येथे मार्गदर्शक आहे. त्याने 'अथेना'च्या कुळातील सर्व्हर घेतला, परंतु चित्रे, कथा आणि क्लायंट ही सारी मुक्त परवान्याची वापरली. 'रायझम'च्या मालकांनी तर २०१० साली आपली मूळ प्रणालीच मुक्त केली. तेथे पुनर्रचनेचे प्रयोजनच उरले नाही, ग्रंथकाराची स्वहस्तलिखित प्रत लोकांस मिळाली.

८

येथवरच्या विवेचनातून निवडीचे निकष पुढीलप्रमाणे ठरतात. एम्युलेटर कोणत्या काळाची अवस्था दाखवितो हे त्याने जाहीर केलेले असावे. प्रत्येक दुरुस्तीची नोंद, कर्ता आणि शक्य तेथे आधार मिळावा. पडताळलेले आणि अनुमानिलेले यांत भेद दिसावा. नवी भर मूळ पाठापासून वेगळी काढता यावी. आणि आपल्या कामापुरते, त्याच्या क्लायंटमध्ये मराठी लिहिता, वाचता व शोधता यावी. या सर्व निकषांस उतरणारा एकही एम्युलेटर आज नाही. ज्याच्यापाशी रेघ आहे त्याच्यापाशी देवनागरी नाही, आणि जेथे देवनागरीला वाव आहे तेथे रेघ नाही.

म्हणून पाथरीच्या कामासाठी 'अल्टिमा'च्या कुळातील सर्व्हर आणि मुक्त क्लायंट घ्यावा, आणि जी रेघ तेथे नाही ती आपण घालावी, असे या लेखकाचे मत आहे. मराठी मजकूर मूळ प्रणालीत न मिसळता स्वतंत्र फायलींत ठेवावा. प्रत्येक वाक्यापुढे ते कोणत्या गावच्या, कोणत्या वयाच्या बोलणाऱ्याकडून मिळाले, की विद्यार्थ्याने स्वतः रचिले, हे लिहावे. बोलणाऱ्याचे नाव न लिहिले तरी चालेल, गाव व पिढी मात्र अवश्य लिहावी. ज्या रूपाविषयी खात्री नाही त्यापुढे शून्य मांडण्यास संकोचू नये. तसे केले नाही तर पाच वर्षांनी तो सर्व्हर बंद पडेल, फायली कोणीतरी उतरवून घेईल, आणि त्यातील 'करायलास' हे पाथरीचे बोलणे होते की एखाद्या विद्यार्थ्याची कल्पना, हे सांगावयास कोणी उरणार नाही. खेळ नष्ट झाला तर तो पुन्हा रचणारे पुष्कळ निघतात, हे आपण पाहिले. बोलीच्या बाबतीत तसा भरवसा धरता येत नाही.